चाळीस फूट पाइप आणि एक दिग्दर्शक

तो पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आला तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाबांचा पासपोर्ट फोटो काढत होते. बाबा ऐन वेळी डोळे मिटत होते, मी त्यांना "बाबा, डोळे उघडे ठेवा जी" म्हणत होते, आणि हा दारात उभा राहून दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून आमच्याकडे बघत होता.

"वा!" तो म्हणाला. "काय फ्रेम आहे!"

बाबा दचकले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुढचं सगळं मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही, हा माझा मूर्खपणा.

आंधळगावात माझा छोटा स्टुडिओ आहे. पुढच्या बाजूला नवरा झेरॉक्सवर बसतो, मागे मी फोटो काढते, आणि लग्नसराईत कॅमेरा खांद्यावर घेऊन मोहाडी, तुमसर, भंडारा अशी फिरते. लग्नाची शूटिंग करणारी बाई म्हणून सुरुवातीला लोक नवरीपेक्षा माझ्याकडे जास्त बघायचे. आता कोणी बघत नाही. घराच्या मागे सासऱ्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. सासऱ्यांना आमच्या भागात मामाजी म्हणतात, मीही म्हणते. ते गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड बनवतात आणि दिवसभरात मोजून दहा-बारा वाक्यं बोलतात.

हा दिग्दर्शक भंडाऱ्याचाच. नागपूरला इंजिनीअरिंग केलं, ते सोडून पुण्याला कसलासा सहा महिन्यांचा फिल्मचा कोर्स केला, आणि त्या सहा महिन्यांत त्याची भाषा बदलून आली. आमच्याशी तो असा बोलायचा जणू जन्म सदाशिव पेठेत गेला. मग त्याच्या आईचा फोन यायचा आणि हा कोपऱ्यात जाऊन हळूच म्हणायचा, "हो वं माय, जेवलो. भाजी कोणती होती मले आठोत नाई." फोन ठेवला की परत "ताई, आपण लाइटबद्दल बोलत होतो ना?" त्या दोन आवाजांमधलं अंतर ऐकून मला हसू यायचं. नंतर नंतर तेही येईनासं झालं.

त्याला शॉर्ट फिल्म करायची होती. "आपल्या मातीची." गोष्ट काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गोष्ट नाही ताई, अनुभव आहे. एक स्त्री आहे. ती चालते." मी म्हटलं, कुठे जाते? तो माझ्याकडे दयेने बघून हसला. लग्नाच्या कॅसेटी काढणाऱ्या बाईला हे कळणार नाही, असं ते हसू होतं.

ती बाई तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, डोक्यावर धानाचा भारा घेऊन चालणार आणि कॅमेरा तिच्या बाजूने, तिच्याच वेगाने, न हलता सरकत जाणार, हा त्याचा मुख्य शॉट. त्याला डॉली लागते, म्हणजे रुळांवरून चालणारी गाडी, जिच्यावर कॅमेरा ठेवतात. नागपूरहून ती भाड्याने आणणं त्याला झेपणारं नव्हतं. म्हणून तो आमच्याकडे आला होता. कॅमेरा माझा, वेल्डिंग मामाजींचं, आणि कल्पना त्याची. कल्पनाही त्याची नव्हती. त्याने मोबाइलवर एका गोऱ्याचा व्हिडिओ दाखवला. तो गोरा गॅरेजमध्ये शिट्टी वाजवत फळीला चाकं लावतो आणि दहा मिनिटांत डॉली तयार.

"काका, दहा मिनिटांचं काम आहे," तो मामाजींना म्हणाला.

मामाजींनी व्हिडिओ पूर्ण पाहिला. मग विचारलं, "याच्या घरची फरशी पाहिली का भाऊ तुमी? आरशासारखी आहे. आपल्याले त पाळीवर चालवाची आहे नं?"

"ते तुम्ही बघा काका. तुमचे हात म्हणजे जादू आहे."

मामाजींना कोणी जादू म्हटलं की ते काहीच बोलत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करतात. हा त्यांचा स्वभाव मला चौदा वर्षांत बदलता आला नाही.

पहिल्यांदा आम्ही प्लायवूडच्या फळीला पलंगाची चाकं लावून पाहिली. अंगणातच ती अशी खडखडली की कॅमेऱ्यातून समोरची भिंत भूकंपात सापडल्यासारखी दिसली. मामाजींनी चाकं काढून बाजूला फेकली आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन जुन्या पंख्यांच्या बेरिंगा घेऊन आले. लोखंडी अँगल उलटा ठेवला की त्याला घराच्या छपरासारखे दोन उतार होतात. दोन्ही उतारांना एकेक बेरिंग, अशा फळीच्या चार कोपऱ्यांना आठ. त्या बेरिंगा गोल पाइपाला दोन्ही अंगांनी धरून चालतात, त्यामुळे गाडी घसरत नाही. रूळ म्हणजे शेतात पाणी द्यायचे प्लास्टिकचे पाइप. वीस फुटांचे चार घेतले, की एका बाजूला दोन जोडून चाळीस फूट.

हे लिहायला सोपं आहे. करताना आठ दिवस गेले. बेरिंगा पाइपावर खर्रर्र आवाज करायच्या. मामाजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बांगड्या कापल्या आणि पंक्चरचं सोल्युशन लावून एकेका बेरिंगवर चढवल्या. आवाज गेला. मग जोडावर धक्का बसू लागला. गाडी सरकत सरकत मध्यावर आली की टक्! मामाजींनी सागाचा तुकडा घासून पाइपाच्या आत बसेल असा गोल केला आणि दोन पाइप त्याच्यावर आतून जोडले. तरी बारीक धक्का राहिलाच. दोन रात्री त्यांनी विचार केला असावा, कारण तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "दोनी बाजूचे जोड समोरासमोर आहेत. म्हणून गाडी एकदम खाली जाते. एक जोड मांगं घे, एक पुढं." त्यासाठी एका बाजूचा पाइप कापावा लागला. कापला, आणि धक्का गेला.

तपासायची त्यांची पद्धत अशी: गाडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलायचा. तांब्याच्या काठावरून एक थेंब जरी ओघळला तरी परत पान्हा हातात. आठव्या दिवशी थेंब पडला नाही. मामाजी खाली बसले, त्यांनी तांब्या उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही, सासऱ्यांना काय बोलायचं असतं.

त्याच वेळी दिग्दर्शक आला. त्याने तांब्याची गोष्ट ऐकली आणि ओरडला, "काका, हे पुन्हा करा ना! मी रील काढतो." मामाजींनी पुन्हा तांब्या भरून ठेवला. याने सहा वेळा ते करायला लावलं, आणि सहाव्यांदा तांब्या स्वतः ठेवून, गाडी स्वतः ढकलून, स्वतःचं रील करून घेतलं. मग गाडीभोवती फिरून म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण प्रोफेशनल वाटत नाही." संध्याकाळी त्याने काळा स्प्रे पेंट आणला. गाडी काळी केली आणि बाजूला पांढऱ्या रंगात आपल्या प्रॉडक्शनचं नाव छापलं. आठ दिवस ज्या माणसाने गाडीला बोट लावलं नव्हतं त्याची बोटं आता काळी झाली होती, आणि ती तो सगळ्यांना दाखवत होता. "अरे, आम्ही स्वतः बनवली डॉली."

शूटिंग धान कापणीच्या दिवसांत होतं. आम्ही गावाबाहेरच्या तलावावर गेलो. पाळीच्या खालून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सुरू होतात, कापलेलं धान कडप्यांनी ओळीत पडलेलं होतं, आणि पाळीच्या टोकाला खळ्यावर भाऱ्यांची पुंजणं रचायचं चाललं होतं. मामाजी पहाटेच येऊन बसले होते. त्यांनी पाइपांखाली लाकडी तुकडे लावले, जिथे जमीन खाली होती तिथे पाचर ठोकली आणि रूळ असा सरळ केला की मला तो मोडून घरी न्यावासाच वाटेना.

दिग्दर्शक साडेनऊला आला. त्याच्यासोबत तिघेजण होते. त्यांचं काम तो बोलला की मान हलवणं. आणि नागपूरची एक अभिनेत्री. पोरगी वाईट नव्हती. बिचारीने आयुष्यात डोक्यावर पुस्तकसुद्धा ठेवलं नसावं. भारा डोक्यावर दिला तर तिची मान आत गेली. मग आतलं धान काढून नुसत्या तणसाचा हलका भारा केला. तो घेऊन ती पाळीवर चालू लागली तर दर चार पावलांना खाली बघायची.

"वेदना पाहिजे चेहऱ्यावर, वेदना!" दिग्दर्शक ओरडायचा.

"सर, मान में दर्द हो रहा है," ती म्हणायची.

"तेच! तेच पाहिजे!"

मधल्या वेळेत त्याचे फोटो चालले होते. गाडीवर बसून, एक डोळा मिटून, कॅमेऱ्यातून बघताना. कॅमेऱ्याचं झाकण लावलेलं होतं हे त्यातल्या एकाही फोटोत त्याच्या लक्षात आलं नाही. त्या तिघांच्याही आलं नाही. मी सांगितलं नाही.

दुपार उतरायला लागली तरी एक शॉट नीट झाला नव्हता. अभिनेत्री झाडाखाली बसून पाणी पीत होती, आणि दिग्दर्शक तिला स्त्रीच्या हजारो वर्षांच्या ओझ्याबद्दल समजावत होता. मी गाडीवर कॅमेरा लावून बसले होते, मामाजी मागे उभे होते. तेवढ्यात बांधीतून एक बाई वर आली. पन्नाशीची असेल. पलीकडच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, त्या शेताची मालकीण. डोक्यावर खरा भारा, धानाने जड झालेला, लोंब्या पुढून चेहऱ्यावर लोंबत होत्या. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. पाळीवर चढली आणि चालू लागली.

मी मामाजींना काही बोलले नाही. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गाडी हलली. त्या बाईचा वेग त्यांनी पहिल्या पावलातच धरला होता. चाळीस फूट ती चालली आणि चाळीस फूट आम्ही तिच्या सोबत सरकलो, मागे तलावाचं पाणी, पुढे तिचा एक हात भाऱ्याला आणि दुसरा मोकळा, हलणारा. धक्का नाही, आवाज नाही. रूळ संपला तसा मी कॅमेरा वळवून तिच्या मागे नेला, ती खळ्यावर पोचून भारा आदळेपर्यंत आणि त्याच्याही थोडं पुढे.

"कोण आहे ती? मध्ये कोण आलं?" दिग्दर्शक धावत आला. "ताई, फ्रेममध्ये माणसं येतात आणि तुम्ही बघत बसता?"

"तिचं शेत आहे," मी म्हटलं.

"मग तिला सांगा थांबायला!"

त्या दिवशी अभिनेत्रीचे आणखी अकरा शॉट झाले. सगळ्यांची कॉपी मी त्याला देऊन टाकली, हा मधला शॉटही त्यातच गेला. गाडी त्याने आपल्याकडे नेली, कारण तिच्यावर त्याचं नाव होतं.

पुढे सहा-सात महिन्यांनी भंडाऱ्याला एका सभागृहात ती फिल्म दाखवली. आम्हाला बोलावणं आलं. मामाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. अभिनेत्री माझ्या शेजारी बसली होती. फिल्म सतरा मिनिटांची. त्यातली पंधरा मिनिटं ती पोरगी आभाळाकडे, पाण्याकडे आणि एका बैलाकडे बघत होती. बैलही तिच्याकडे बघत होता, आणि दोघांत बैलाचा अभिनय बरा होता. आणि मग पाळीवरचा तो शॉट आला. लोंब्यांमुळे चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्याने तो बिनधास्त आपल्या नायिकेचा म्हणून लावला होता. मोबाइल बघत बसलेल्यांनीही माना वर केल्या.

शेजारून अभिनेत्री माझ्या कानाशी म्हणाली, "दीदी, वो मैं नहीं हूँ ना?"

"नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. पुढे बसलेले मामाजी मात्र असे कानात बोलणारे नाहीत. ते मोठ्याने म्हणाले, "अरे, हे त टोलीवरची बाई आहे! आपल्या पाळीवर आली होती थे!"

लोकांनी शू शू केलं. मामाजी मागे वळून मला म्हणाले, "नाई का वं?" मी मान हलवली.

फिल्म संपल्यावर प्रमुख पाहुणे बोलले. तो एक शॉट म्हणजे कविता आहे, म्हणाले. मग दिग्दर्शकाच्या हातात माइक आला. त्याने सांगितलं की त्या एका प्रकाशासाठी आम्ही तीन दिवस थांबलो. नायिका आठवडाभर शेतकरी बायकांसोबत राहिली, त्यांच्यासारखं चालायला शिकली. मग मामाजींकडे हात करून म्हणाला, "आणि आमचे काका, बघा, इतके भावुक झालेत की त्यांना ती गावातलीच बाई वाटली. हेच तर कलेचं यश!" टाळ्या वाजल्या. अभिनेत्रीला वर बोलावलं. ती उठली, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि जाऊन पुष्पगुच्छ घेतला. शेवटच्या यादीत माझं नाव "सहकार्य"खाली होतं आणि मामाजींचं आडनाव चुकलं होतं.

परतताना मामाजी माझ्या स्कूटीवर मागे बसले होते. मोहाडी आली तेव्हा म्हणाले, "मी येडा दिसलो का?"

"नाही मामाजी."

"दिसलो," ते म्हणाले.

लोकांनी फसवावं, श्रेय खावं, याची मला लग्नाच्या धंद्यात सवय आहे. पण जन्मभर मोजून बोलणाऱ्या माणसाचं त्याच्या एका खऱ्या वाक्यासाठी शंभर लोकांसमोर हसं करणं, हे मी त्या दिग्दर्शकाला कधी माफ केलं नाही, करणारही नाही. आठवड्याने त्याचा फोन आला. कुठल्याशा महोत्सवाला फिल्म पाठवायची होती आणि त्याच्याकडची फाइल खराब झाली होती. "ताई, पाळीवरचा तो शॉट तुमच्याकडे असेल ना? ओरिजिनल?"

"डिलीट झाला," मी म्हटलं.

"असं कसं डिलीट झालं? ताई, तुम्हाला त्याची व्हॅल्यू कळत नाही!"

"नाही कळत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. शॉट माझ्या कॉम्प्युटरवर होता, मोबाइलमध्येही होता.

त्याच रविवारी मी टोलीवर गेले. तोवर मला एकदाही वाटलं नव्हतं की त्या बाईला जाऊन सांगावं. मीही तिला न विचारताच तिला घेतलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर लाटायला त्याच्या हातात दिलं होतं. हे दिग्दर्शकाला शिव्या घालताना मी सोयीने विसरत होते. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि मोबाइल धरला. मी तिला आधी फिल्ममध्ये लागला होता तेवढाच तुकडा दाखवला.

"हे मी होय?"

"हो मावशी."

"माहा बंद ढिला होऊन राहिला, पाह्य." तिने पडद्यावर बोट ठेवलं, भाऱ्याच्या गाठीवर. तुकडा संपला तशी म्हणाली, "अन् म्होरं? पोचलीच नाई?"

"त्याने तिथे कापलं."

"काहून? एवढी चालली त्याचं काय झालं मंग?"

मी तिला पूर्ण शॉट दाखवला. ती खळ्यावर पोचते, भारा आदळते, कंबर धरून उभी राहते, वळून आमच्याकडे बघते आणि ओरडते. माझ्या कॅमेऱ्यात आवाज बारीक होता, पण शब्द कळत होते. ती म्हणत होती की तुमचे पाइप माझ्या वाटेतून हटवा, नाही तर पुढच्या खेपेला तुडवून जाईन. मावशी खो खो हसली. घरातून सुनेला बोलावलं, तिला दाखवलं, पुन्हा स्वतः पाहिलं. सुनेच्या मोबाइलवर मी तो पाठवला. लोकांनी तुम्हाला दुसऱ्याच बाईच्या नावावर दाखवलं, हेही मी सांगितलं. तिने ते ऐकून फक्त खांदे उडवले.

"त्या पोरीले भारा उचलता येत होता का?"

"नाही."

"हं," ती म्हणाली. मोबाइल माझ्या हातात परत दिला. "पण मले एक सांग. तू त्या गाडीवर कायले बसून राहिली होतीस? म्हातारा सासरा मांगून ढकलून राहिला, अन् तू बसून. पाय नाई का तुले? माह्या बाजूनं चालली असती कॅमेरा घेऊन."

मी तिला सांगितलं की चालताना कॅमेरा हलतो, चित्र हलतं, म्हणून रूळ लागतात, बेरिंग लागतात, ट्यूब लागते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, आणि सूप उचलून परत पाखडायला बसली.